स्कॉटलंडच्या संसदेत बायका पोचल्या त्या कशा?

१२ मे १९९९ रोजी एडिनबरामध्ये स्कॉटलंडच्या नव्या संसदेची पहिली बैठक भरली. वयाने सगळ्यांत मोठ्या सदस्य म्हणून खुर्चीवर होत्या विनी यूइंग. २५ मार्च १७०७ रोजी तहकूब झालेली स्कॉटिश संसद आज पुन्हा भरत आहे, असं त्यांनी जाहीर केलं. या बाईंनी १९६७ साली हॅमिल्टनची पोटनिवडणूक जिंकून स्कॉटिश नॅशनल पार्टीला, म्हणजे एसएनपीला, लंडनच्या वेस्टमिन्स्टर संसदेत जागा मिळवून दिली होती. १७०७ च्या संसदेत एकही बाई नव्हती. १९९९ च्या संसदेत १२९ पैकी ४८ होत्या.

१९८७ मध्ये लेबर पक्षाने स्कॉटलंडमधून वेस्टमिन्स्टरच्या ५० जागा जिंकल्या, त्यांत बाई एकच होती, ग्लासगोच्या मारिया फाइफ. १९९२ मध्ये सगळ्या पक्षांचे मिळून स्कॉटलंडचे ७२ खासदार होते आणि त्यांत ५ बायका. मग अवघ्या सात वर्षांत ५ वरून ४८ कशा झाल्या? ‘काळ बदलला, समाज पुढे गेला’ हे उत्तर सोपं आहे, पण ते चुकीचं आहे. १९९७ मध्येसुद्धा वेस्टमिन्स्टरला गेलेल्या ७२ स्कॉटिश खासदारांत बायका १२ च होत्या. समाज तोच आणि पक्षही तेच होते. फरक पडला तो नियमांमुळे. उमेदवार कोण निवडतं, यादीत पहिलं नाव कुणाचं, मतदान संध्याकाळी किती वाजता उरकतं, असल्या रुक्ष वाटणाऱ्या नियमांमुळे. स्कॉटलंडच्या राजकारणातल्या बायकांची गोष्ट समजून घ्यायची, तर या नियमांत शिरावं लागतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. स्कॉटलंड ब्रिटनचा भाग आहे. १९९७ च्या सार्वमतात तिथल्या मतदारांनी स्वतःच्या संसदेच्या बाजूने कौल दिला आणि १९९८ च्या कायद्याने ती अस्तित्वात आली. आरोग्य, शिक्षण, पोलीस, न्यायव्यवस्था, घरं हे विषय तिच्याकडे आहेत. संरक्षण, परराष्ट्र धोरण आणि बराचसा करविषयक कारभार लंडनकडे राहिला. समान संधीचा कायदा हा विषयही मुख्यतः लंडननेच स्वतःकडे ठेवला, आणि पुढे तो कळीचा ठरला. एडिनबराच्या जुन्या शहरातला रस्ता उतरत जाऊन जिथे संपतो, तिथे होलिरूड भागात २००४ पासून संसदेची इमारत आहे. म्हणून या संसदेलाही सगळे होलिरूडच म्हणतात.

संसद प्रत्यक्षात येण्याच्या दहा वर्षं आधी, १९८९ मध्ये, पक्ष, चर्च, कामगार संघटना आणि स्थानिक संस्था एकत्र येऊन स्कॉटिश संविधान परिषद भरली होती. नवी संसद कशी असावी याचा आराखडा तिथे तयार होत होता. त्या परिषदेतही बायकांचं प्रमाण जेमतेम एक दशांश होतं. नव्या संसदेची आखणीच पुरुष करणार असतील, तर ती संसद जुन्यासारखीच निघणार, हे काही जणींच्या ताबडतोब लक्षात आलं. कामगार संघटनांच्या महासंघातल्या महिला समितीने मागणी मांडली ती निम्म्या जागांची. एक तृतीयांश नाही, ‘शक्य तितक्या’ नाही, सरळ निम्म्या.

या बायकांना एक गोष्ट फार चांगली कळली होती. गच्च भरलेल्या लोकलमध्ये बसलेल्याला उठवून जागा मिळवणं वेगळं, आणि कारशेडमधून रिकामी गाडी फलाटाला लागताना आत शिरणं वेगळं. नव्या संसदेत विद्यमान सदस्य कुणीच नव्हता. कुणाचं तिकीट कापायचं नव्हतं, वीस वर्षं मतदारसंघ बांधून बसलेल्या नेत्याची मनधरणी करायची नव्हती. अशी वेळ एकदाच येते. ती हातची गेली असती, तर पुढची पन्नास वर्षं एकेका जागेसाठी झगडत बसावं लागलं असतं. १९९५ च्या सुमारास लेबर आणि लिबरल डेमोक्रॅट या दोन पक्षांनी स्त्री-पुरुष उमेदवार समसमान उभे करण्याच्या करारावर सह्या केल्या.

सह्या केल्या, पण पाळायच्या कशा? आपल्याकडे ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत प्रभागच महिलांसाठी राखीव होतो. ब्रिटनमध्ये अशी राखीव जागा नसते. जे करायचं ते पक्षाने स्वतःच्या उमेदवार निवडीत करायचं. लेबरने वेस्टमिन्स्टरसाठी काही मतदारसंघांत फक्त बायकांचीच नावं विचारात घेण्याचा प्रयोग सुरू केला होता. त्यावर डावलल्या गेलेल्या दोन पुरुषांनी दाद मागितली आणि १९९६ मध्ये न्यायाधिकरणाने ती पद्धत बेकायदा ठरवली. म्हणजे तो मार्ग बंद झाला.

मग लेबरने काढली मतदारसंघांच्या जोड्या लावण्याची युक्ती. ती नीट समजून घ्यावी अशी आहे. शेजारशेजारच्या दोन मतदारसंघांची एक जोडी करायची. दोन्हीकडच्या पक्षसदस्यांनी मिळून उमेदवार निवडायचे. प्रत्येक सदस्याला दोन मतं, एक बाईला आणि एक पुरुषाला. सर्वाधिक मतं मिळवणारी बाई आणि सर्वाधिक मतं मिळवणारा पुरुष या दोघांना जोडीतला एकेक मतदारसंघ मिळणार. यात कुणालाच अर्ज करायला मनाई नाही. बाईला वगळलेलं नाही, पुरुषालाही नाही. त्यामुळे भेदभावाच्या कायद्याच्या कचाट्यात सापडायची भीती कमी. स्थानिक पातळीवर कुरकुर झाली, पण मतदारसंघ नवे आणि रिकामे असल्यामुळे ती निभावून नेता आली.

निकाल लागला तेव्हा लेबरच्या ५६ सदस्यांत २८ बायका होत्या. बरोब्बर निम्म्या. एसएनपीने औपचारिक सक्ती न करताही ३५ पैकी १५ बायका निवडून आणल्या. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या १८ मध्ये ३. आणि ज्यांनी करारावर सही केली होती पण तो पाळण्याची यंत्रणा उभी केली नव्हती, त्या लिबरल डेमोक्रॅटांच्या १७ मध्ये २. एकच दिवस, एकच मतदार, एकच देश. ज्या पक्षाने यंत्रणा उभी केली तिथे निम्म्या बायका आल्या. ज्याने नुसती सही केली त्याचा आकडा दोनवर थांबला. भाषणांतून समानतेचा जप करणाऱ्या कुठल्याही पक्षाला हे दोन आकडे शेजारी ठेवून दाखवावेत असं मला फार वाटतं.

जागांबरोबरच संसदेच्या वेळापत्रकाचाही विचार झाला होता. वेस्टमिन्स्टरमध्ये रात्री दहापर्यंत मतदान चालण्याची जुनी रीत होती. ज्याच्या घरी मुलांना जेवू घालून झोपवणारं दुसरं कुणीतरी असतं, त्यालाच हे परवडतं. होलिरूडने दिवसाचे निर्णय संध्याकाळी पाचच्या सुमारास एकगठ्ठा मताला टाकण्याची पद्धत घेतली. सुट्ट्या ठरवताना शाळांच्या सुट्ट्या लक्षात घ्यायच्या, हे तर कामकाजाच्या नियमांतच लिहिलं. संसद बघायला किंवा समितीपुढे म्हणणं मांडायला येणाऱ्यांच्या मुलांसाठी इमारतीत पाळणाघर ठेवलं गेलं. हे सगळं प्रत्येक वेळी पाळलं गेलं असं नाही. डिसेंबर २०२२ मधल्या एका वादग्रस्त विधेयकावर चर्चा मध्यरात्र उलटेपर्यंत चालली. त्याच्याकडे पुढे येऊच.

आता मतदानाची पद्धत. प्रत्येक मतदाराला दोन मतं असतात. पहिलं आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराला, आणि असे मतदारसंघ ७३. दुसरं मत पक्षाला. देशाचे आठ विभाग पाडलेत आणि प्रत्येक विभागातून सात जण पक्षांच्या यादीतून घेतात, म्हणजे ५६. असे एकूण १२९. यादीच्या जागा वाटताना, ज्या पक्षाने मतदारसंघ भरपूर जिंकलेत त्याला थोडं मागे ठेवतात. विभागात पक्षाला मिळालेली यादीची मतं, भागिले त्याने जिंकलेल्या जागा अधिक एक, असा हिशेब असतो. समजा एका विभागात ‘अ’ पक्षाला १,२०,००० मतं पडली आणि त्याने ८ मतदारसंघ जिंकले. भागायचं ९ ने, उरले १३,३३३. ‘ब’ पक्षाला ६०,००० मतं आणि एकच मतदारसंघ. भागायचं २ ने, आले ३०,०००. यादीतली पहिली जागा ‘ब’ला. जागा मिळाली की त्याचा भाजक एकाने वाढतो आणि पुन्हा हिशेब होतो. अशा सात फेऱ्या.

बायकांच्या दृष्टीने याचा अर्थ काय? जो पक्ष मतदारसंघ जिंकतो त्याची यादी फारशी उघडतच नाही. त्याने यादीत कितीही बायका वर ठेवल्या तरी उपयोग नाही. त्याला निवडून येण्याजोग्या मतदारसंघांत बायका द्याव्या लागतात. याउलट जो पक्ष यादीवरच जगतो, त्याचा सगळा खेळ पहिल्या एकदोन क्रमांकांवर. तिथे पुरुष बसवून तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर बाई ठेवली, तर कागदावर समतोल दिसतो आणि निवडून येतात पुरुषच.

२००३ मध्ये बायकांचा आकडा ५१ पर्यंत गेला. २००७ मध्ये तो ४३ वर घसरला. लेबरमधल्या बायका कमी झाल्या म्हणून हे झालं नाही. त्यांच्या ४६ मध्ये अजूनही २३ बायका होत्या. झालं असं की सत्ता एसएनपीकडे गेली, आणि त्यांच्या ४७ मध्ये बायका होत्या फक्त १२. एका पक्षाच्या नियमावर देशाचा आकडा तोलून धरला होता, तो पक्ष हरल्याबरोबर आकडाही घसरला. सभागृहाची अध्यक्षपदाची खुर्ची पहिल्यांदा बाईला मिळाली ती २०११ मध्ये, ट्रिशा मार्विक यांना. पण त्या वर्षी निवडून आलेल्या बायका होत्या ४५.

यानंतर आला बाहेरून सर्वांत झगमगीत दिसणारा काळ. ब्रिटनपासून स्वातंत्र्याच्या सार्वमताची तयारी सुरू असताना २०१२ मध्ये विमेन फॉर इंडिपेंडन्स ही संघटना उभी राहिली होती, आणि पक्षांच्या बैठकांना कधी न गेलेल्या बायका गावागावांतल्या सभांना येऊ लागल्या होत्या. सप्टेंबर २०१४ च्या त्या सार्वमतात सुमारे ८५ टक्के मतदान झालं. कौल स्वातंत्र्याच्या विरोधात गेला, आणि नोव्हेंबरमध्ये निकोला स्टर्जन स्कॉटलंडच्या पहिल्या महिला फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे सरकारप्रमुख झाल्या. पहिल्याच मंत्रिमंडळात त्यांनी पाच बायका आणि पाच पुरुष घेतले. कॉन्झर्व्हेटिव्हांच्या नेत्या रूथ डेव्हिडसन होत्याच. ऑगस्ट २०१५ मध्ये लेबरने केझिया डगडेल यांना निवडलं. तीन मोठ्या पक्षांच्या शिखरावर तीन बायका! जगभरच्या वर्तमानपत्रांत फोटो छापून आले.

पण २०१६ च्या निवडणुकीत निवडून आलेल्या बायका किती, तर ४५. पाच वर्षांपूर्वी होत्या तितक्याच. शिखरावर तिघी असूनही पायथ्याशी एकही वाढली नाही, कारण उमेदवार निवडीचे नियम बहुतेक ठिकाणी तेच होते. मला वाटतं स्कॉटलंडच्या राजकारणातला सर्वांत जास्त शिकवणारा आकडा हाच आहे, ४५ आणि पुन्हा ४५. या काळातच डगडेल, हरित पक्षाच्या अॅलिसन जॉन्स्टन आणि इतरांनी निम्म्या जागांसाठीची मोहीम नव्याने उभी केली होती. एसएनपीनेही २०१५ मध्ये धोरण बदललं. विद्यमान सदस्य निवृत्त होत असेल त्या जागी फक्त बायकांमधून निवड करता येईल, असं ठरवलं. (ही पद्धत २००२ च्या ब्रिटिश कायद्याने पुन्हा कायदेशीर झाली होती.) त्याचं पीक २०२१ मध्ये आलं. बायका ५८ झाल्या, म्हणजे ४५ टक्के. एसएनपीच्या ६४ मध्ये ३४, हरित पक्षाच्या ८ मध्ये ५, लेबरच्या २२ मध्ये १०. कॉन्झर्व्हेटिव्हांच्या ३१ मध्ये मात्र ८, आणि लिबरल डेमोक्रॅटांच्या ४ मध्ये १.

त्याच निवडणुकीत आणखी एक उशीर संपला. गोरेतर बाई होलिरूडमध्ये पोचायला तब्बल २२ वर्षं लागली होती. २०२१ मध्ये एकदम दोघी आल्या. एसएनपीच्या कौकब स्टुअर्ट ग्लासगो केल्विनमधून आणि कॉन्झर्व्हेटिव्हांच्या पॅम गोसल वेस्ट स्कॉटलंडच्या यादीतून. गोसल भारतीय वंशाच्या, शीख. स्टुअर्ट २०२४ मध्ये मंत्रीही झाल्या. लेबरच्या पॅम डंकन-ग्लॅन्सी या कायम व्हीलचेअर वापरणाऱ्या पहिल्या सदस्य. त्यांना ग्लासगोत स्वतःच्याच मतमोजणीच्या ठिकाणी आत शिरताना अडवलं गेलं होतं. उमेदवार व्हीलचेअरवर असू शकते हे दारावरच्या माणसांच्या गावीही नव्हतं.

बायका संसदेत गेल्याने कायद्यांत काय फरक पडला, याचं एक उदाहरण जरा जवळून बघू. लेबरच्या मोनिका लेनन यांनी २०१७ मध्ये मासिक पाळीच्या साधनांचा विषय हाती घेतला. पॅड परवडत नाहीत म्हणून मुली टॉयलेट पेपर वापरतात, शाळा बुडवतात, हे त्यांनी सभागृहात उघडपणे बोलायला सुरुवात केली. लेनन सरकारमध्ये नव्हत्या. पण होलिरूडमध्ये साध्या सदस्यालाही स्वतःचं विधेयक आणता येतं. आधी लोकांची मतं मागवायची आणि मग इतर १८ सदस्यांचा पाठिंबा मिळवायचा, तोही अनेक पक्षांतून. सरकारचा सुरुवातीला विरोध होता. लेनन यांचा खर्चाचा अंदाज वर्षाला ९७ लाख पौंडांच्या आसपास, तर मंत्र्यांचा २ कोटी ४० लाखांचा. इंग्लंडमधून लोक सीमा ओलांडून फुकट पॅड न्यायला येतील, अशीही शंका काढली गेली. संघटनांनी, कॉलेजच्या मुलींनी रेटा लावला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सरकार नमलं. २४ नोव्हेंबर २०२० रोजी विधेयक एकमताने मंजूर झालं. ऑगस्ट २०२२ पासून ज्याला गरज आहे त्याला ही साधनं मोफत मिळण्याची सोय करणं स्थानिक परिषदांवर आणि शिक्षणसंस्थांवर बंधनकारक झालं. असा कायदा करणारा स्कॉटलंड जगातला पहिला देश. शाळा, ग्रंथालय, सार्वजनिक इमारतींत डबे ठेवलेले असतात, त्यांतून हवी ती साधनं घ्यायची, कुणी काही विचारत नाही. अंमलबजावणीच्या सुरुवातीलाच डंडी परिसरात या कामाच्या प्रचारासाठी एका पुरुषाची नेमणूक झाली आणि एवढा गदारोळ उठला की ते पदच रद्द करावं लागलं.

२०१८ चा घरगुती छळाचा कायदाही याच पठडीतला. मारहाण किंवा उघड धमकी नसेल, तर असा छळ आधीच्या कायद्याच्या पकडीत सहसा येत नव्हता. नव्या कायद्याने सततची पाळत, पैसे हातात न देणं, मैत्रिणी तोडायला लावणं, कपडे काय घालायचे ते ठरवणं, अशा रोजच्या जाचाचा एकत्रित विचार करून तो गुन्हा ठरवला. शिक्षा १४ वर्षांपर्यंत. हे शहाणपण आलं ते वर्षानुवर्षं आसरागृहं चालवणाऱ्या बायकांकडून. विधेयक ११८ विरुद्ध १ मताने मंजूर झालं तेव्हा सभागृह उभं राहून गॅलरीकडे वळलं आणि तिथे बसलेल्या, या छळातून वाचलेल्या बायकांसाठी टाळ्या वाजवल्या. २०२४ मध्ये हरित पक्षाच्या गिलियन मॅके यांच्या विधेयकामुळे गर्भपात केंद्रांभोवती २०० मीटरपर्यंत निदर्शनं करून बायकांना अडवायला बंदी आली. तेही सदस्याचंच विधेयक.

सगळंच मिळालं असं नाही. २०२१ च्या द्वेषमूलक गुन्ह्यांच्या कायद्यात धर्म, वंश, अपंगत्व आले, पण स्त्री असणं आलं नाही. त्यासाठी वेगळा स्त्रीद्वेषविरोधी कायदा करू, असं सांगितलं गेलं. बॅरिस्टर हेलेना केनेडी यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने मार्च २०२२ मध्ये त्याचा सविस्तर अहवाल दिला. मे २०२५ मध्ये सरकारने ते विधेयक बासनात गुंडाळलं.

बायकांचा राजकीय आवाज म्हणजे फक्त सभागृहातला आवाज असं समजू नये. निदान ग्लासगोत तरी नाही. १९१५ मध्ये, मतदानाचा हक्क नसताना, गोव्हन भागात मेरी बार्बर यांच्या पुढाकाराने बायकांनी भाडेवाढ नाकारली. घर रिकामं करायला माणूस आला की जिन्यात घंटा वाजायची आणि इमारतीतल्या बायका जमून त्याला पिटाळून लावायच्या. त्याच वर्षी भाडी गोठवणारा कायदा आला. २०१८ च्या महिला दिनी गोव्हनमध्ये बार्बर यांचा पुतळा बसला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्लासगोने पुन्हा असंच काही पाहिलं. २३ आणि २४ तारखेला नगर परिषदेच्या सुमारे ८,००० बायका संपावर गेल्या. घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या, शाळेत स्वयंपाक करणाऱ्या, साफसफाई करणाऱ्या. २००६ पासूनच्या वेतनपद्धतीत या कामांना पुरुषांच्या बरोबरीच्या कामांपेक्षा कमी पैसे मिळत होते, ही त्यांची तक्रार. कचरा उचलणाऱ्या पुरुषांपैकी अनेकांनी त्यांची संपाची फळी ओलांडायला नकार दिला. परिषदेच्या नेत्या होत्या सुझन एटकेन, स्वतः बाई. सत्तेतली बाई एका बाजूला, रस्त्यावरच्या हजारो दुसऱ्या बाजूला, असं ते अवघड चित्र होतं. जानेवारी २०१९ मध्ये जवळपास ५५ कोटी पौंडांची तडजोड झाली आणि ते पैसे उभे करायला परिषदेला आपल्या मोठमोठ्या इमारती विकून त्याच इमारती भाड्याने परत घ्याव्या लागल्या.

त्याच शहरात २००५ मध्ये ड्रमचॅपल हायस्कूलच्या काही मुलींनी, आपल्या मैत्रिणीच्या कुटुंबाला पहाटे घरातून उचलून नेल्यावर, निर्वासितांच्या अटकेविरुद्ध मोहीम उघडली होती. त्यांतल्या रोझा सालिह, स्वतः कुर्दिश निर्वासित, २०२२ मध्ये ग्लासगोच्या नगरसेविका झाल्या.

आता तो वादग्रस्त विषय. लिंगओळख कायदेशीररीत्या बदलण्याची प्रक्रिया सोपी करणारं विधेयक २२ डिसेंबर २०२२ रोजी ८६ विरुद्ध ३९ मतांनी मंजूर झालं. बायकांच्या प्रमुख संघटनांपैकी अनेक त्याच्या बाजूने होत्या: ट्रान्स स्त्रियांना सन्मान देण्याने इतर स्त्रियांचं काही जात नाही, अशी त्यांची भूमिका. फॉर विमेन स्कॉटलंडसारख्या नव्या गटांचा तीव्र विरोध होता: आसरागृहं, तुरुंग, जागांचा समतोल या सगळ्यांत ‘स्त्री’ची व्याख्या शरीरावरच आधारलेली हवी, असं त्यांचं म्हणणं. सत्ताधारी एसएनपीतही फूट पडली. जानेवारी २०२३ मध्ये लंडन सरकारने १९९८ च्या स्कॉटलंड कायद्यातलं कलम ३५ वापरून विधेयक रोखलं. असं पहिल्यांदाच घडलं. दुसरीकडे, सार्वजनिक मंडळांवर निम्म्या बायका असाव्यात हे उद्दिष्ट ठेवणाऱ्या २०१८ च्या स्कॉटिश कायद्यातली व्याख्या न्यायालयात गेली होती. तो खटला वाढत वाढत ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. १६ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने निकाल दिला की २०१० च्या समानता कायद्यात ‘स्त्री’ म्हणजे जन्मजात जैविक लिंगाने स्त्री. एका बाजूने जल्लोष केला, तर ट्रान्स व्यक्ती आणि त्यांच्या पाठीराख्यांत भीती पसरली. दोन्हीकडे बायका आहेत, दोन्हीकडे आयुष्यभर स्त्री चळवळीत काम केलेल्या आहेत, आणि दोन्हीकडच्या कित्येकींना इंटरनेटवर गलिच्छ धमक्या आल्या आहेत. ‘बायकांचा आवाज’ एकच असतो हे गृहीत धरणाऱ्यांनी या वादाकडे नीट पाहावं.

आत येणाऱ्यांइतकंच सोडून जाणाऱ्यांकडे बघणंही गरजेचं आहे. गेल रॉस उत्तर टोकाच्या केथनेस, सदरलंड आणि रॉस मतदारसंघाच्या सदस्य होत्या, घर विक गावात. तिथून एडिनबरा म्हणजे गाडीने पाचेक तास. आठवड्यातले चार दिवस लहान मुलापासून दूर राहावं लागतं म्हणून पुन्हा उभं राहणार नाही, असं त्यांनी जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं. संध्याकाळी पाचला मतदान उरकणं एडिनबरात राहणाऱ्या आईच्या कामाचं. विकमधल्या आईला त्याचा काय उपयोग? एसएनपीच्या केट फोर्ब्स यांचंही तसंच. बालपणाची काही वर्षं भारतात काढलेल्या या बाईंनी फेब्रुवारी २०२० मध्ये, अर्थमंत्र्यांना अचानक राजीनामा द्यावा लागल्यावर, काही तासांच्या तयारीवर अर्थसंकल्प मांडला होता. २०२३ मध्ये बाळंतपणाच्या रजेवर असताना त्या पक्षनेतेपदासाठी उभ्या राहिल्या आणि थोडक्यात हरल्या. २०२४ मध्ये सरकारच्या उपप्रमुख झाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की मुलगी लहान आहे, २०२६ ची निवडणूक लढवणार नाही. रिमोट मतदान आणि दुसऱ्या सदस्यामार्फत मत देण्याची सोय कोविडच्या काळात आणि त्यानंतर आली. संसदेने २०२३ मध्ये स्वतःच्या कारभाराचं स्त्री-पुरुष समतेच्या अंगाने परीक्षण करून घेतलं आणि समित्यांमध्ये एकाच लिंगाचे सदस्य असू नयेत अशा शिफारशीही त्यातून आल्या. पण मतदारसंघाचा नकाशा आणि मुलाचं वय या दोन गोष्टींवर नियमाचा इलाज अजून सापडलेला नाही.

खाली स्थानिक परिषदांत गेलं की चित्र आणखी फिकं होतं. ३२ परिषदा आहेत. २०२२ मध्ये त्यांत बायका साधारण ३५ टक्के आल्या, आणि हीच तोवरची सर्वांत चांगली कामगिरी मानली गेली. २०१७ मध्ये पश्चिमेकडच्या बेटांच्या परिषदेत एकही बाई निवडून आली नव्हती. नगरसेवकाचं मानधन २०२२ च्या सुमारास वर्षाला २० हजार पौंडांच्या आसपास होतं. काम पूर्णवेळ, बैठका दिवसा. त्यावर घर चालत नाही, आणि नोकरी सांभाळून ते करणं अवघड. शाळा, बालवाड्या, वृद्धांची सेवा या सगळ्या गोष्टी याच परिषदांच्या हातात असतात.

स्कॉटलंडमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी माणसांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे, कारण कित्येकांना ती ठाऊक नसते. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे, वैध व्हिसावर तिथे राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदार म्हणून नाव नोंदवता येतं आणि मत देता येतं. होलिरूड आणि परिषदांसाठी वयाची अट १६ वर्षं आहे. होलिरूडसाठी हातात दोन मतपत्रिका पडतात. मतदारसंघाच्या मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव असतं. यादीच्या मतपत्रिकेवर मात्र पक्षाचं नाव छापलेलं असतं. त्या पक्षाच्या यादीत कोण कितव्या क्रमांकावर आहे, ते आधीच शोधून वाचून जावं लागतं. बहुतेक पक्षांसाठी बघायची असतात ती वरची दोन-तीन नावं, कारण त्याखालच्यांची पाळी सहसा येत नाही.